कलेसा आणि नागमणी

खिमीच्या अंगणात देव आला तेव्हा ती सिड्डूंचं, वाफेवरच्या भाकऱ्यांचं, पीठ मळत होती. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात, त्यामुळे तिला धड नमस्कारही करता आला नाही. तिने बसल्या जागेवरून मान वाकवली आणि ओठांतल्या ओठांत म्हणाली, "या. जरा आधी कळवलं असतंत तर अंगण सारवून ठेवलं असतं."

देव अक्रोडाच्या मुळाशी ऊन खात पडला होता. करंगळीएवढा जाड, दीड वीत लांब, मानेशी पिवळसर पट्टा. सेरीधार गावात भाद्रपदात 'साप' हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. एरवी वर्षभर लाकडाच्या ढिगात निघाला तर त्याला लांबडं म्हणतात आणि काठी शोधतात. भाद्रपदात तोच निघाला तर नागदेव म्हणतात आणि दूध शोधतात.

"टिकमे!" खिमीने सुनेला हाक मारली. "दूध आण. तांब्याच्या वाडग्यात. आणि ओरडू नकोस, देव बिचकेल."

टिकमी दाराशी आली, तिने अक्रोडाकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"ओरडू नकोस म्हटलं मी," खिमी म्हणाली, "पण बोबोच्या घरापर्यंत ऐकू जाईल एवढं ओरड."

बोबो म्हणजे बुधी, खिमीची थोरली जाऊ. भिंतीला भिंत लागून घर. दोघींचे नवरे कधीच देवाघरी गेले. पण थोरली ती थोरली आणि धाकटी ती धाकटी, हे काही त्यांच्याबरोबर गेलं नाही. आणि ते जाऊ न देण्याला कारण हा देवच होता.

जत्रेच्या पहिल्या दिवशी नागदेवाचा रथ देवळातून निघतो आणि कुणाच्या तरी अंगणात मुक्कामाला उतरतो. कुणाच्या, ते देव ठरवतो. तो ज्या अंगणात दर्शन देईल तिथे गावाने जमायचं, डोळे मिटून डोकं खाली घालायचं, आणि गूरने, म्हणजे देवाच्या भगताने, शंख फुंकला की वर पाहायचं. तेवढ्यात देव दिसेनासा झाला असेल, तर तो त्या घरात राहिला. निघून जाताना दिसला, तर त्याने घर नाकारलं. बेलू रामच्या अंगणातून तो असाच सगळ्यांदेखत भिंत ओलांडून नाल्याकडे गेला होता. बेलू राम वारला, घर पडलं, तिथे आता बटाटे लावतात. पण त्या वावराला अजून 'पाठमोऱ्या देवाचं घर' म्हणतात. आणि ज्या वर्षी देव कुठेच दर्शन देत नाही, त्या वर्षी रथ जुन्याच घरी जातो.

ते जुनं घर बुधीचं. खिमी नवी नवरी होती तेव्हा बुधीच्या अंगणात देव आला आणि दिसेनासा झाला. तेव्हापासून रथ तिथे, मान तिथे, पितळी परातीतला पहिला सिड्डू तिथे. सुना आल्या, नातवंडं झाली तरी बुधी खिमीला 'ए छोटी' म्हणायची आणि खिमीला 'ओ' द्यावी लागायची. खिमीच्या हातात एवढंच होतं, की बुधीच्या चिक्कूपणावर गावभर बोलायचं. बुधीचा तो लंगडा, एक डोळा गेलेला लाल कोंबडा! जावई आला तरी तिने तो कापला नाही. लेकाच्या लग्नात कापला नाही. कुणी विचारलं की एकच म्हणायची, "राहू दे. म्हातारा झालाय, जाईल कुठे?" शेवटी तो आपल्या मरणाने मेला तेव्हा बुधीने त्याला आलुबुखाराच्या झाडाखाली पुरलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलं. "जिवंत असताना रस्सा नाही, मेल्यावर फूल!" खिमीने हे वाक्य इतक्यांदा सांगितलं होतं, की टिकमीला ते झोपेतही म्हणता आलं असतं.

टिकमीने हाक दिली ती अशी दिली, की समोरच्या डोंगरावरून दुसरी टिकमी ओरडली. बघता बघता अंगण भरलं. बाप्यांनी टोप्या सारख्या केल्या, बायकांनी डोक्यावरचे रुमाल घट्ट बांधले. खिमी परातीपुढून उठली नाही. उठली असती तर हात धुवायला आत जावं लागलं असतं, आणि तेवढ्यात कुणी दुसरीच यजमानीण होऊन बसली असती. या गावात तशा बायका होत्या.

बुधी सगळ्यांत शेवटी आली. काठी टेकत अक्रोडापाशी गेली, वाकून पाहिलं, आणि म्हणाली, "बारीक आहे."

"देव आहे, बोबो," खिमी म्हणाली, "बोकड नाही."

"माझ्याकडे आला होता तो मनगटाएवढा होता."

"तुझ्याकडे जेवून आला असेल. माझ्याकडे जेवायला आलाय."

बाप्यांपैकी कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. तेवढ्यात गूर डाबे राम आला. देव ज्याच्या अंगात येऊन बोलतो तो गूर. एरवी तो सफरचंदाच्या पेट्यांना खिळे मारतो. त्याने टोपी काढून केस मोकळे सोडले, चष्मा काढून खिशात ठेवला. देवाचं काम चष्म्यातून करायचं नाही, असा त्याचा नेम होता. चष्म्याशिवाय त्याला अक्रोडाचं झाड दिसत होतं. मूळ त्याने अंदाजाने धरलं.

"दूध ठेवलंत? डोकी खाली. डोळे मिटा. शंखाआधी जो पाहील त्याच्या डोळ्यांची जबाबदारी देवावर नाही."

सगळं अंगण वाकलं. गूरही डोळे मिटून पुटपुटू लागला. खिमीने परातीच्या काठाला कपाळ टेकलं. डोळे मात्र तिचे मिटेनात. तिने आयुष्यभर कुणाच्या भरवशावर डोळे मिटले नव्हते, आणि आज तर घराचं नाव पणाला लागलं होतं. काखेखालून तिला अक्रोडाचं मूळ नीट दिसत होतं.

'दिसेनासा हो रे देवा,' ती मनात म्हणत होती. 'बिळात जा, ढिगाऱ्यात जा, कुठेही जा. भिंतीवरून तेवढा जाऊ नकोस.'

तेव्हा लाकडाच्या ढिगामागून कोंबड्या आल्या, आणि कोंबड्यांमागून कलेसा.

कलेसा म्हणजे वरच्या रानातला काळा रानकोंबडा. अंगावर निळी चकाकी, गाल लालभडक, डोक्यावर मागे विंचरल्यासारखा तुरा. हिवाळ्यात बर्फ पडलं तेव्हा हा खाली उतरला, खिमीच्या कोंबड्यांत मिसळून मका टिपू लागला, आणि बर्फ वितळलं तरी परत गेला नाही. "कलेसा कसला, नुसता क्लेश," खिमी म्हणायची. पण दाणे टिपणारं पाखरू, कुणाचं काय घेतं? असेना.

कलेसा अक्रोडापाशी थांबला. आधी एका डोळ्याने पाहिलं, मग मान वळवून दुसऱ्या डोळ्याने. चालायची त्याची ऐट अशी, की तहसीलदार जमीन पाहायला आलाय. देवाने मान उचलली. कलेशाने ती चोचीत धरली.

खिमीने किंकाळी आवरली. ओरडली असती तर सगळ्यांची डोकी वर आली असती. सगळं गाव पाहत असताना नागदेवाला कोंबडा गिळतोय, आणि तोही तिच्या अंगणात, तिचाच मका खाऊन मोठा झालेला! पाठ फिरवून गेलेल्या देवाच्या घराला गावात नाव होतं. गिळलेल्या देवाच्या घराला नाव नव्हतं. ते नवीन काढावं लागलं असतं, आणि काढायला बुधी तिथेच वाकून बसली होती.

कलेशाने देव दगडावर आपटला. एकदा इकडून, एकदा तिकडून. आवाज ओल्या कपड्यासारखा आला. खिमीने परातीतून पिठाचा गोळा तोडला आणि काखेखालूनच नेम धरून फेकला. तारुण्यात तिने याच हाताने अस्वल हाकललं होतं. पण काखेखालून तिने कधी काही फेकलं नव्हतं. गोळा कलेशाच्या तुऱ्यावरून गेला आणि दुधाच्या वाडग्यात पडला, डुबुक. दूध चहूकडे उडालं.

कलेशाला त्याचं काही नव्हतं. डोक्याकडून सुरुवात करून तो पद्धतशीर गिळत होता. शेवटी चोचीबाहेर बोटभर शेपटी राहिली, तेव्हा कोंबड्यांना सुगावा लागला आणि त्या त्याच्यामागे धावल्या. आपल्या कोंबड्या! रोज सकाळी "आ आ" करून मका टाकायचा, त्या नागदेवाच्या शेपटीसाठी एकमेकींना लाथाडत होत्या. सगळी वरात लाकडाच्या ढिगामागे गेली, आणि शंख वाजला.

डोकी वर आली. अक्रोडाच्या मुळाशी काही नव्हतं.

"दिसेनासा झाला!" कुणीतरी म्हणालं.

"दूध पाहा! प्यायलंय दूध! सांडलंय सगळीकडे!"

डाबे रामने गुडघे टेकले, चाचपत वाडगा हाती घेतला आणि आत बोटं घातली. बोटांना काहीतरी लागलं. त्याने ते वर काढलं. पांढरं, गोल, गुळगुळीत, दुधाने चकाकणारं, अक्रोडाएवढं.

सगळं अंगण त्याच्या बोटांकडे झुकलं.

"मणी," डाबे राम म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "माझ्या आज्याने ऐकलेलं, पाहिलं नव्हतं. देवाने मणी ठेवलाय, चाची. तुझ्या अंगणात."

बाप्ये पुढे सरकले. त्यांनी ते पाहिलं आणि टोप्या काढल्या. जन्मभर त्यांनी सिड्डू खाल्ले होते. मळलेला एकानेही नव्हता. बायका मागे होत्या, देवाच्या वस्तूला त्यांचा हात लागायचा नाही आणि डोळाही फार जवळून लागायचा नाही. त्यांच्यापर्यंत मणी पोचला तो लाल फडक्यात गुंडाळूनच. एकट्या बुधीने आपल्या जागेवरून खिमीच्या परातीकडे पाहिलं. पिठात एका ठिकाणी बोटांनी तोडल्याची खूण होती. मग ती काठी टेकत घरी गेली.

अंगण रिकामं झालं तेव्हा टिकमी सासूशेजारी येऊन बसली.

"अम्मा, मी डोळे थोडे उघडे ठेवले होते."

"फुटले नाहीत ना?"

"कलेशाने देव—"

"दिसला नाही," खिमी म्हणाली.

"अम्मा, मी माझ्या डोळ्यांनी—"

"टिकमे, या घरात तुला दोनदा सांगावं लागतं ते फक्त मिठाचं. आज तिसऱ्यांदा सांगायला लावू नकोस. दिसला नाही."

पण खिमी मळलेलंच पीठ पुन्हा पुन्हा मळत राहिली. गावासमोर तोंड दाखवायची चिंता वेगळी, आणि देवासमोर तोंड दाखवायची वेगळी. आजवर ती देवाशी खोटं बोलली नव्हती. माणसांशी बोलली होती, पण ती माणसं तशीच होती. दुपारी रथ येणार. रथात बसून देव गूरच्या तोंडून विचारणार, 'खिमी, मी कुठे आहे?' मग काय सांगायचं? लाकडाच्या ढिगामागे, पचतोय?

तिने अक्रोडाच्या चार फोडी आणि मक्याची मूठ घेऊन कलेशाला पकडायचा प्रयत्न केला. त्याला पडवीतल्या टोपल्याखाली झाकून ठेवावं, निदान रथ जाईपर्यंत. पण त्याला भूक नव्हती. ढिगाच्या वरच्या लाकडावर तो पिसं फुगवून बसला होता, पोट टम्म, डोळे अर्धे मिटलेले. जत्रेत जेवलेला पाहुणा बसतो तसा.

"उतर खाली, दरोडेखोरा!"

कलेशाने एक डोळा उघडला आणि मिटला.

दुपारी रथ आला. पुढे नगारे, मागे लांब तुताऱ्या, मध्ये दोघांच्या खांद्यांवर नागदेवाचा रथ, चांदीचे मुखवटे उन्हात तळपताहेत. मुखवट्यांच्या पायाशी, रेशमी वस्त्रांच्या थरांत, लाल फडक्यातला मणी. गावातून मिरवायला वेळ लागला होता. ऊन कडक होतं, वस्त्रं उबदार होती, आणि सकाळी खिमीने पिठात खमीर नेहमीपेक्षा सढळ हाताने घातलं होतं, कारण जत्रेचे सिड्डू फुगलेले दिसले पाहिजेत.

रथ अक्रोडाखाली उभा राहिला. डाबे रामच्या अंगात देव आला. केस उडू लागले, आवाज बदलला. देवळाच्या कारभाऱ्याने हात जोडून विचारलं, "महाराज, घर पसंत आहे?"

रथ खिमीकडे झुकला. बायकांनी हात जोडले. खिमीला वाटलं, सुटले. आणि तेवढ्यात रथ फिरला. खांदेकऱ्यांचे पाय अडखळले, रथ त्यांना ओढत लाकडाच्या ढिगाकडे निघाला. तिथे गेला, आणि वाकला. ढिगावरून कलेसा असा काही ओरडत उडाला, की तुतारीवाल्याच्या हातून तुतारी पडली. काळं एक पीस गिरक्या घेत रथावर उतरलं.

"मी आत आहे," डाबे राम घोगऱ्या आवाजात म्हणाला. "उबेत आहे. अंधारात आहे."

एवढं स्पष्ट तर तहसीलदारही बोलत नाही. ती पुढे झाली. रुमाल सारखा केला, हात जोडले. आता ते स्वच्छ होते, पण त्यांचा उपयोग नव्हता.

"महाराज," ती म्हणाली, "माझ्याकडून एक—"

बुधीची काठी तिच्या पायावर बसली.

"सिड्डू करपताहेत, छोटी!"

"वाफेवरचे सिड्डू करपतात कधी?" खिमी उसळून म्हणाली. देवासमोर उभी असूनही तिला ते सहन झालं नाही.

"तुझ्या घरी काहीही होऊ शकतं. चल आत. देव आत आहे म्हणतोय, उबेत आहे म्हणतोय, आणि तू बाहेर उभी! चुलीपाशी चल." आणि गावाकडे वळून ती म्हणाली, "महाराजांनी चूल मागितलीय. नैवेद्य आधी. वाजवा!"

नगारे पुन्हा सुरू झाले. बुधीने खिमीचं मनगट धरलं. पाऊणशे पावसाळे पाहिलेली बाई, पण पकड अशी की म्हशीला पुलावर नेतेय.

स्वयंपाकघरात वाफ कोंडली होती. टिकमी सिड्डू उलटत होती. बुधीने तिला डोळ्याने बाहेर घालवलं. मग चुलीपुढे बसून लाकूड आत सरकवलं.

"काय सांगणार होतीस?"

"खरं ते."

"काय खरं?"

खिमीने पदराशी चाळा केला. गावातली सगळ्यांत तिखट जीभ, पण वळेना. "बोबो, माझ्या अंगणात... त्या कलेशाने..."

"साप खाल्ला," बुधी म्हणाली.

भाद्रपदात, जत्रेच्या दिवशी, रथ दारात असताना, तिने तो शब्द उच्चारला. खिमीने दाराकडे पाहिलं. आभाळ पडलं नाही. सिड्डूच्या भांड्यावरचं झाकण तेवढं वाजलं.

"तू पाहिलंस?"

"मी कशाला पाहू? मी डोळे मिटले होते. या वेळी मिटले होते." बुधीने फुंकणीने विस्तव फुलवला. "कानांनी ऐकलं. दगडावर आपटल्याचा तो आवाज मी एकदा ऐकलाय, परत विसरायची नाही."

खिमी तिच्याशेजारी चुलीपुढे बसली.

"मनगटाएवढा नव्हता तो," बुधी म्हणाली. "तुझ्याकडच्याएवढाच होता. बारीकच."

चुलीत लाकूड तडकलं. खिमीच्या डोळ्यांपुढे तो लाल कोंबडा उभा राहिला. तेव्हा तो लंगडा नव्हता, एकडोळ्याही नव्हता. बुधीच्या अंगणात मान वर करून चालायचा. जावई आला तरी कापला नाही. लेकाच्या लग्नात कापला नाही. आलुबुखाराचं झाड. झेंडूचं फूल.

"बोबो," ती हळू म्हणाली, "एवढी वर्षं?"

"कुणाला सांगणार? सासूला? तिने मलाच पुरलं असतं. पहिलं वर्षभर मी झोपले नाही. वाटायचं, आता गाय आटेल, आता पोर आजारी पडेल. गाय व्याली. पोर धष्टपुष्ट झालं. मग मी एकटीच देवळात गेले आणि म्हटलं, देवा, माझ्या कोंबड्याने तुला खाल्लं असेल तर मला सांग. देव काही बोलला नाही. मग मी विचार केला. वर्षभर लाकडाच्या रथात बसतो, चांदीच्या मुखवट्यात बसतो, डाब्यासारख्या माणसाच्या अंगातसुद्धा बसतो. कोंबड्यात बसायला त्याला काय झालं? देव खाल्ला जात नाही, छोटी. साप खाल्ला जातो."

"पण कापायची हिंमत झाली नाही तुझी."

"नाही झाली," बुधी म्हणाली. "म्हणजे, म्हटलं ना, खाल्ला जात नाही. पण समज बसलाच असेल आत, तर?"

बाहेर नगारे लय बदलत होते. मग बुधीने सिड्डूच्या परातीत पाहिलं, उरलेल्या पिठाला बोट लावलं, आणि वेगळ्याच आवाजात म्हणाली, "खमीर जास्त झालंय तुझं."

"जत्रेचे सिड्डू फुगलेले हवेत."

"मणीसुद्धा?"

खिमीने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि दारात डाबे राम उभा होता. अंगातला देव उतरला होता. घाम फुटला होता. हातात लाल फडकं होतं. सकाळी त्यात अक्रोड मावला होता. आता त्यात सफरचंद होतं, आणि गाठ सुटायला आली होती.

"चाची," तो कुजबुजला, "मणी वाढतोय."

दोघी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

"वास येतोय," तो म्हणाला. "आंबट. आणि मघाशी त्याने... उसासा टाकला."

"वाढतोय," बुधी म्हणाली, "तर मग वाढू या. खिमी, भांडं उघड."

बुधीने तिला 'छोटी' न म्हणता हाक मारली, हे खिमीला भांडं उघडल्यावर लक्षात आलं.

"मणी शिजवायचा?" डाबे रामचा चेहरा उतरला. "माझ्या आज्याने असं कधी सांगितलं नव्हतं."

"तुझ्या आज्याला मणी मिळाला होता?" खिमीने विचारलं. जीभ परत जागेवर आली होती.

"नाही."

"मग! देवाने तो दगडावर ठेवला, की दुधात?"

"दुधात."

"दुधात पडलेलं शेवटी कुठे जातं? चुलीवर. देवाला मिरवायचाच असता तर सोन्याचा दिला असता. उबेत आहे म्हणाला, आत आहे म्हणाला. तूच म्हणालास ना, तुझ्या तोंडाने?"

"मी म्हणालो? अंगात असताना मला काही आठवत नाही."

"तेच बरं," बुधी म्हणाली आणि हात पुढे केला. डाबे रामने फडकं तिच्या हातात दिलं. देवाच्या वस्तूला बायकांचा हात लागायचा नाही, ही गोष्ट त्याला त्या क्षणी आठवली असावी. पण आंबट वासाची वस्तू हातातून सुटल्याचा आनंद जास्त होता.

मणी वाफेवर चांगला फुगला. पितळी परातीत ठेवून डाबे रामने तो बाहेर नेला, गावाला सांगितलं की महाराजांनी स्वतःचा प्रसाद स्वतः वाढलाय, आणि चिमूट चिमूट वाटला. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. एकाच्या गुडघ्यातली कळ जागच्या जागी थांबली. फक्त पलीकडच्या घरची नीलमू, जी देवळातल्या प्रसादालासुद्धा नावं ठेवते, तोंडात घोळवत म्हणाली, "चव आहे. पण मीठ कमी आहे."

खिमीचे कान तापले. तिच्या सिड्डूला मीठ कमी! उभ्या सेरीधारमध्ये असं बोलायची कुणाची छाती झाली नव्हती. शब्द जिभेच्या टोकावर येऊन बसले. तिने बुधीकडे पाहिलं. बुधी आभाळाकडे पाहत होती.

"देवाच्या हातचं आहे," खिमी दात आवळून म्हणाली. "त्याला सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी रथ पुढच्या गावाला निघाला तेव्हा पहिला मान खिमीच्या घराला मिळाला. ती अंगणाच्या पायरीवर बसली, आणि शेजारी जागा करून तिने बुधीला बसवलं. गाव पाहत राहिलं. दोघी अशा बसल्या होत्या, की जन्मात कधी भांडल्याच नाहीत.

धूळ खाली बसली तसा लाकडाच्या ढिगामागून कलेसा आला. पोट हलकं झालं होतं. कोंबड्यांना बाजूला सारून तो परातीपाशी आला. खिमीने उरलेला सिड्डू कुस्करून आधी त्याच्यापुढे टाकला, मग कोंबड्यांपुढे.

नीलमू भिंतीपलीकडून बघत होती. "अम्मा, तो काळा मेला तुमचा सगळा मका फस्त करतो. काल रथावर झेपावला. हाकलून का देत नाही?"

खिमीने कलेशाकडे पाहिलं. कलेशाने मान तिरकी करून एका डोळ्याने तिच्याकडे पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्याने.

"राहू दे," ती म्हणाली. "म्हातारा होईल हळूहळू. जाईल कुठे?"